पाणी सोडताना

"म्हणजे तुम्ही मेलेले नाही तर!" शेजारच्या खुर्चीतला फेसाचा गोळा म्हणाला.

ओरेस्ते बेर्नास्कोनीच्या गळ्यावर त्या वेळी वस्तरा होता, म्हणून त्याला मान वळवता आली नाही. आरशात दिसलं ते एवढंच, की एका जाडजूड माणसाचा अख्खा चेहरा पांढऱ्या फेसात बुडालाय आणि फेसातून दोन काळेभोर डोळे आपल्याकडे टक लावून बघताहेत. न्हाव्यानं नुकतंच, रोजच्यासारखं, "काय इंजिनियर बेर्नास्कोनी, मिशी आहे तशीच ठेवायची ना?" असं विचारलं होतं. त्या नावावरून हे सगळं सुरू झालं असावं.

"ज्याला त्याला विचारलं मी मिलानमध्ये," फेस बोलत होता, दक्षिणेकडच्या मोठ्या आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. "कुणी म्हणे अर्जेंटिनाला गेले. कुणी म्हणे, गेले म्हणजे गेलेच, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आणि तुम्ही इथे बसून दाढी करून घेताय! पाण्यावर उतरणारं आणि जमिनीवरही उतरणारं विमान, ते तुमचंच ना?"

"तसं विमान नाहीये," ओरेस्ते जेमतेम ओठ हलवत म्हणाला. "कागद आहेत नुसते."

"मग बनवा की! मला हवंय."

न्हाव्याचा हात थांबला. वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्रं खाली केली. फेसातल्या माणसानं टॉवेलाखालून हात बाहेर काढला आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या हवेत पुढे केला. तो स्कोत्तो, 'कोमेंदातोरे' असा सरकारी किताब मिळालेला. नेपल्सहून बेटांना जाणाऱ्या लहान आगबोटी त्याच्या मालकीच्या होत्या. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंदरात बांधून पडतात, तो सांगत होता, आणि तिकडे बेटांवर बाई अडली, पोराला ताप चढला, की माणसं किनाऱ्यावर उभी राहून नुसती क्षितिजाकडे बघत बसतात. पण प्रत्येक बेटाला वाऱ्याकडे पाठ केलेली एक बाजू असते, तिथे थोडं तरी पाणी शांत असतं. तेवढ्या पाण्यात उतरायचं, माणूस उचलायचा, आणि नेपल्सच्या विमानतळावर थेट जमिनीवर आणून ठेवायचा, इस्पितळाच्या दारात. "माज्जोरे सरोवरावर लाँच चालवणारा एक कप्तान मला म्हणाला, असलं विमान सगळ्या इटलीत एकाच माणसाच्या डोक्यात आहे. नेव्हियो झुलियानी नाव त्याचं, पण तुमचा पत्ता त्यालाही ठाऊक नव्हता. ओळखता?"

"ओळखतो," ओरेस्ते म्हणाला, आणि आपला आवाज चिरकलाय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

दुकानातून तो बाहेर पडला तेव्हा डाव्या कानाखाली साबणाचा पट्टा तसाच राहिला होता, आणि कारखान्यात कुणी हसून दाखवेपर्यंत त्याला ते कळलंही नाही. ट्राम समोरून गेली, त्यानं जाऊ दिली. चालतच निघाला. एप्रिलचं ऊन पडलं होतं, बॉम्बनं पाडलेल्या घरांच्या जागी परांच्या उभ्या होत्या, गवंडी एकमेकांना शिव्या देत विटा झेलत होते. छातीत काहीतरी धडधडत होतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, हे हृदयाचंच असणार, वडिलांनाही ह्याच वयात झालं होतं. मग दोन चौक ओलांडल्यावर लक्षात आलं की ही भीती नाही, हा आनंद आहे, आणि मधल्या वर्षांत आपण दोहोंतला फरक ओळखायचंच विसरून गेलोय. मला हवंय. असं त्याला कुणीच म्हटलं नव्हतं. लढाई हरल्यावर विमानं बांधायलाच बंदी होती; कालपर्यंत पंख घडवणारे कारखाने पातेली आणि शेगड्या घडवू लागले, आणि बंदी उठली तेव्हा पातेल्यांची इतकी सवय झाली होती की पंखांची आठवण काढणारा माणूस वेडा वाटायचा. त्याच्या कागदांना लोक "छान आहे" म्हणत. "कल्पना मोठी आहे." "पुढे बघू." एका मंत्रालयातल्या साहेबानं तर त्याच्या रेखाटनाकडे बराच वेळ बघून, "रेषा फार सुरेख आहे हो तुमची," असं म्हटलं होतं, एखाद्या वधूच्या हस्ताक्षराचं कौतुक करावं तसं. आणि ओरेस्ते घरी येऊन नवं विमान काढायला बसला होता. त्यानं आपल्या विमानांना सरोवरातल्या माशांची नावं दिली होती: अगोने, पेर्सिको, लावारेल्लो. जसजशी ती बांधली न जाण्याची खात्री होत गेली तसतशी ती जास्त देखणी होत गेली, आणि हेच त्याला मधूनमधून अस्वस्थ करायचं. जे कधी पाण्याला लागणारच नाही त्याच्या पोटाची गोलाई इतकी मन लावून का घासायची? दिवसा तो कारखान्यात शीतकपाटांच्या दारांचे आराखडे काढायचा. दार उघडताना आवाज कसा यावा, हँडलवर बोटं कशी बसावीत. काम वाईट नव्हतं. वरिष्ठ खूश होते; विभागप्रमुख करायचं घाटत होतं. दार लागलं की लागलं, त्यात पुढे काही व्हायचं नसे.

आणि विमानात सगळं पुढे व्हायचंच असायचं. हे त्याला एकदाच, पण अंगाअंगात कळलं होतं. लढाईच्या आधीचा उन्हाळा, माज्जोरे सरोवर, झुलियानी चालवत होता आणि ओरेस्ते मागे एका पेटीवर बसला होता, कारण त्याच्या पहिल्यावहिल्या उडत्या नावेत अजून खुर्च्याच बसवल्या नव्हत्या. वेग वाढत गेला तसं पाणी दगडासारखं होऊन खालून ठोकू लागलं, दात दातांवर आपटायला लागले, काचांवर फवारे. पाण्याचं असं असतं, ते धरून ठेवतं. आई पोराला धरते तसं नाही, चिखल बुटाला धरतो तसं. पोटाखाली एक पायरी ठेवावी लागते, तिच्यामागून हवा आत शिरते, आणि मग एका क्षणी पाणी सोडतं. तो क्षण ऐकू येतो. म्हणजे, ऐकू येणं बंद होतं. सगळा खडखडाट, सगळी आदळआपट एकाएकी थांबते आणि माणूस जणू स्वतःच्याच वजनातून सुटतो. ओरेस्ते त्या पेटीवर बसून मोठ्यानं ओरडला होता. काय ते त्याला आठवत नव्हतं, पण झुलियानी पुढे कित्येक वर्षं त्याची नक्कल करून दाखवायचा. मग लढाई आली, आणि ती संपतासंपता तेच विमान कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्या दोघांनी ते सरोवराच्या मध्यावर ओढून नेलं. कुऱ्हाड झुलियानीनं चालवली. ओरेस्ते वल्ही धरून बसला होता. पाण्यासाठीच घडवलेली वस्तू बुडायला किती वेळ घेते! ती पुन्हापुन्हा वर येत होती, उजवा पंख पाण्याबाहेर काढून, आणि झुलियानी रडत रडत तिला म्हणत होता, "जा ना बाई, जा आता."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची बायको इमेल्दा शिवणयंत्रावर होती. ती शर्टांच्या कॉलरी शिवायची, एका मोठ्या दुकानासाठी, आणि बोलताना तिच्या तोंडात नेहमी टाचण्या असत, त्यामुळे तिचे टोमणे दातांमधून येत.

"दाढी अर्धीच केली का त्यानं?"

"इमेल्दा, एक माणूस भेटला. त्याला विमान हवंय."

टाचण्या एकेक करून बाहेर आल्या. "कुठलं विमान?"

"माझं."

"तुझी बरीच आहेत. मासे कागदावर आणि ताटात बटाटे, असं चाललंय ह्या घरात. कुठला मासा हवाय त्याला?"

त्यानं सगळं सांगितलं, उभ्यानंच, हातवारे करत, दुधाचं भांडं म्हणजे बेट आणि काट्याचा चमचा म्हणजे वारा असं मांडून. ती ऐकत राहिली. तिला त्याचा हा चेहरा माहीत होता. ह्याच चेहऱ्याशी तिनं लग्न केलं होतं, आणि गेली काही वर्षं तो घरातून बेपत्ता होता. पण हे ती म्हणाली नाही. म्हणाली, "आणि विभागप्रमुखाचं?"

"ते आहेच की."

"दोन्ही होणार नाहीत, ओरेस्ते. मी तुला ओळखते. तू पायजम्यावर कोट घालून कामाला जाशील."

ती बरोबर होती. पुढचे आठवडे तो शीतकपाटाच्या दाराला पंख फुटायचेच काय ते बाकी असल्यासारखा वावरला. स्कोत्तोनं एवढीच अट घातली होती: "मला कागद कळत नाहीत. मला काहीतरी चालताना दाखवा." मग दर शनिवारी दुपारी तो गाडीनं सरोवराकडे निघे. झुलियानी स्टेशनवर उभा असे, टोपी मागे सारून, जाकीट खांद्यावर टाकून. इस्त्रियातलं त्याचं गाव, लढाईनंतर सीमा सरकल्यावर, दुसऱ्याच देशात गेलं होतं. आता तो ह्या काठावरनं त्या काठावर पर्यटक नेई आणि त्यांना न विचारता सगळे डोंगर दाखवी. "ये रे अर्जेंटिनावाल्या!" तो प्लॅटफॉर्मवरूनच ओरडे. अंजेराजवळ होड्या बांधणाऱ्या एकाच्या छपराखाली त्यांनी नमुना घडवायला घेतला, माणसाच्या उंचीएवढा लांब, देवदाराच्या पातळ फळ्यांचा. ओलं लाकूड, सरस, ताज्या भुशाचा वास. ओरेस्ते पोटाच्या गोलाईवरून तळवा फिरवायचा आणि कुठे कणभर उंचवटा लागला की त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं. इथे घास. अजून. बस. आता इथे. त्याला वाटायचं, आपण पन्नाशी ओलांडलेले नाही. आपल्याला वयच नाही. आपण म्हणजे फक्त हा तळवा. आणि लगेच दुसरं काहीतरी मनात सरकायचं, थंडगार, मासोळी पायाला लागावी तसं: हे चाललंच नाही तर? लढाईनंतर आपली विमानं पडली नाहीत ती उडलीच नाहीत म्हणून. कागदावर माणूस सुरक्षित असतो. त्याला एकदा तर, गाडीतून परतताना, स्कोत्तो त्या न्हाव्याकडे गेलाच नसता तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं, आणि ह्या विचाराची त्याला इतकी शिसारी आली की तो जागेवरून उठून दोन डब्यांमधल्या सांध्यावर जाऊन उभा राहिला, वारा तोंडावर घेत.

पंखांचं कापड इमेल्दानं शिवलं. कुणी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी ती टोपी घालून, शिवणाची पेटी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या त्या कप्तानानं शिवलेलं मी पाहिलंय. पालं शिवतो तो, पालं. सरक." छपराखाली बसून तिनं पंख हातात घेतला, उलटसुलट केला, बोटानं ताण पाहिला. "हे कॉलरसारखंच आहे," ती म्हणाली. "बाहेरून कापड ताणायचं नाही. आतून आधार द्यायचा." ओरेस्तेनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ही बाई शेजारच्या खोलीत बसून हेच करत होती.

ठरलेल्या दिवशी स्कोत्तो आला तो पांढरे बूट घालून. सकाळ स्वच्छ होती, सरोवरावर वाऱ्याची बारीक शिरशिरी होती, पलीकडे डोंगरांवर अजून बर्फाचे पट्टे होते. झुलियानीनं कुणाची तरी वेगवान मोटरबोट मागून आणली होती. बोटीच्या बाजूनं एक लांब वासा बाहेर काढला होता आणि त्याच्या टोकाला दोरानं नमुना बांधला होता, म्हणजे बोटीच्या लाटांच्या बाहेर, न ढवळलेल्या पाण्यावरून तो ओढला जाईल. ओरेस्ते वाशापाशी गुडघे टेकून बसला. स्कोत्तो मागे, कठडा घट्ट धरून. इमेल्दा काठावर, हातात सुईदोरा तसाच.

"निघू?" झुलियानी म्हणाला.

ओरेस्तेनं नुसता हात हलवला.

सुरुवातीला नमुना बदकासारखा शहाणपणानं आला. मग वेग वाढला आणि नाकाशी फवारा उठला, दोन्ही बाजूंना, मिशीसारखा. चांगलं. पोट वर येऊ लागलं. चांगलं. आणि मग त्यानं मान टाकली. नाक खाली, शेपूट वर. पुन्हा नाक वर, शेपूट खाली. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीहून मोठी. ह्याची भीती प्रत्येक पाणविमानवाल्याला झोपेतही असते. असल्या उसळ्या थांबल्या नाहीत तर विमान स्वतःलाच पाण्यावर आपटून फोडतं. "थांबवू का?" झुलियानी ओरडला. फळ्या कडकडत होत्या. ओरेस्तेला त्या क्षणी काय काय दिसलं! पाण्याबाहेर येणारा तो उजवा पंख, शीतकपाटाचं दार, मंत्रालयातल्या साहेबाची पिवळी बोटं. थांबवलं असतं तर सगळं वाचलं असतं: नमुना, कागद, विभागप्रमुखाची खुर्ची, आणि "वेळ आली असती तर माझं विमान उडलं असतं" हे आयुष्यभर पुरणारं वाक्यही. त्यानं उसळीकडे पाहिलं. उसळी एका ठरावीक वेगाच्या अलीकडचीच होती. त्याच्या तळव्याला ते कळलं, डोक्याला नाही. ह्याच्या पलीकडे जागा आहे.

"वाढव!" तो ओरडला.

"काय?"

"वाढव, नेव्हियो! सगळा वेग दे!"

झुलियानीनं आईची आठवण काढत दांडा पुढे ढकलला. बोटीनं नाक उचललं, स्कोत्तो मागच्या मागे बसला, नमुना एकदा, दोनदा, इतका उसळला की पोट पूर्ण दिसलं, आणि मग एकाएकी शांत. उसळी नाही, फवारा नाही. पायरीच्या टोकावर, एका रेषेवर तो पाण्यावरून सरकत होता, जणू पाणी नुसतं दाखवायला खाली ठेवलंय. आणि पाण्यानं सोडलं. त्याच्याखाली ऊन आलं. एक वीत, हातभर, दोन हात. ओरेस्तेला त्याची सावली त्याच्यापासून सुटताना दिसली, आणि तो ओरडला, अगदी तसाच, आणि झुलियानी सुकाणू धरून हसत सुटला. दोर ताणला गेला. कुठे तरी "टक्" असं वाजलं. दोराचा आकडा निसटला होता.

नमुना बोटीच्या डोक्यावरून गेला. स्कोत्तोनं हॅट धरली. कुणाचीही दोरी नसलेला, इंजिन नसलेला, इमेल्दाच्या कापडाचे पंख पसरून तो काठाकडे निघाला, किंचित डावीकडे कलत, जणू पत्ता माहीत आहे. काठावरच्या माणसांनी वर पाहिलं. काठच्या झाडांवरून तो पलीकडे गेला, खाली, आणखी खाली, आणि चर्चच्या मागे पाद्रीबाबांच्या परसात, ओल्या गवतावरून घसरत, कोबीच्या वाफ्यात जाऊन सरळ उभा राहिला. मोडला नाही. पाद्रीबाबा झारी घेऊन बाहेर आले आणि तसेच उभे राहिले.

"जमिनीवरसुद्धा उतरलं!" स्कोत्तो बोटीत उभा राहून गर्जला. "बघितलंत? पाण्यावरून उठलं आणि जमिनीवर उतरलं! अहो, ह्यात वैमानिकसुद्धा नव्हता!" त्यानं ओरेस्तेला दोन्ही गालांवर मुके दिले, मग झुलियानीला दिले, आणि काठाला लागल्यावर इमेल्दालाही दिले असते, पण ती तोवर कोबीकडे पळत सुटली होती, घागरा दोन्ही हातांनी वर धरून, बावन्न वर्षांची बाई, "पंख फाटला का? पंख फाटला का?" असं ओरडत.

त्या दुपारी ते सगळे मिळून तळलेले मासे आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता खात बसले, पाद्रीबाबांसकट. ओरेस्तेला पुढे आठवायचं ते जेवण नव्हे. जेवताना मधेच एकदा त्यानं हात टेबलाखाली नेला, आणि टेबलाखाली इमेल्दाचा हात आधीच होता, मुठीत सुईदोरा तसाच.

स्कोत्तो सप्टेंबरात मिलानला आला. पत्र पाठवता आलं असतं, पण तो स्वतः आला, आणि बेर्नास्कोनींच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं रिसोत्तोच्या भाताचा घास घेतला आणि तो त्याच्या तोंडात तसाच राहिला. जेवण न उतरणारा तो माणूसच नव्हता. इमेल्दाला तेव्हाच कळलं.

"इंजिनियरसाहेब," तो अखेर म्हणाला, "मी विमानं घेतली. अमेरिकन आहेत. नौदलाची, लढाईतून उरलेली. तयार, उभी. पाण्यावरही उतरतात, जमिनीवरही." त्यानं कपाळ पुसलं. "तुमचं व्हायला दोन वर्षं लागतील म्हणतात. कारखाना, परवाने, चाचण्या. मी ह्या हिवाळ्याचा शब्द दिलाय लोकांना. गेल्या वर्षी फिलिकुदी बेटावर एक बाई किनाऱ्यावरच गेली हो, पोटात पोर घेऊन. आमची बोट समोर दिसत होती तिला. लागू शकली नाही."

मग स्कोत्तो हळूच म्हणाला, "त्यांची देखभाल कुणीतरी करायला हवी. नेपल्सला. मला म्हणायला लाज वाटते. दुसऱ्याचं पोर सांभाळायला सांगतोय मी तुम्हाला."

ओरेस्ते गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली ट्राम वळणावर किंचाळली. आता कोसळायचं, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि तो वाट बघू लागला. ते आलं नाही. दुखलं, खूप दुखलं. पण त्या दुखण्याच्या खाली, पायरीखालून हवा शिरावी तशी, एप्रिलपासूनची ती धडधड चालूच होती. हे काय आहे? त्याला लाजल्यासारखं झालं. सुतकाच्या घरात हसू फुटावं तसं. मागे इमेल्दा येऊन उभी राहिली होती. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सोड रे आता त्यावर पाणी," आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात यायच्या आतच तो हसायला लागला. पाणी सोडायचं! तेच तर जमलं होतं. पाण्यानं सोडलं होतं त्याच्या विमानाला, लख्ख उजेडात, एका व्यापाऱ्याच्या आणि एका पाद्र्याच्या साक्षीनं. आता ते कुणालाही परत पाण्यात चिकटवता येणार नव्हतं.

"नेपल्सला ओल असते म्हणतात," इमेल्दा म्हणाली. "भिंतींना."

"असेल."

"कॉलरी तिकडेही घालतातच माणसं." मग थोड्या वेळानं: "दुसऱ्याचं पोर तुला आवडेल का पण?"

"माहीत नाही," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं.

त्याला मत्सराची भीती होती. नेपल्सच्या विमानतळावर ते करडं, बोजड अमेरिकन विमान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खरोखरच आलाही. काय हे नाक! आणि ही पायरी, कुठे ठेवलीय! तो त्याच्याभोवती फिरत राहिला, हात मागे बांधून, सासूनं सुनेचं घर बघावं तसा. पण महिन्याभरात त्याला त्याचे सगळे सांधे पाठ झाले, खोडी कळल्या, आणि कुठेतरी दूर, ज्या शहराचं नाव त्याला नीट उच्चारताही यायचं नाही तिथल्या कुणा माणसानं कुठे घाई केली, कुठे कुणाचं न ऐकता हट्टानं रेषा आपल्या मनासारखी काढली, तेही दिसू लागलं. चाकं आत घेण्याच्या एका खटक्यापाशी तर तो थांबून मोठ्यानं म्हणाला, "शाब्बास!" स्कोत्तोनं वैमानिक म्हणून झुलियानीलाच ठेवलं होतं; त्यानं आपल्या जागेवरून डोकं बाहेर काढून विचारलं, "कुणाला?" ओरेस्तेला नाव माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात समुद्र खवळला, बोटी बांधल्या गेल्या, आणि फिलिकुदीहून तार आली. इमेल्दा हट्टानं सोबत आली; आजारी बाईमाणसाबरोबर बाईमाणूस हवं, ती म्हणाली, पण तिनं सकाळीच उत्साहात केस दोनदा विंचरले होते. ढगांखालून विमान हेलकावे खात गेलं. खाली समुद्र पांढरा फुटत होता. मग बेट आलं, काळं, उभं, आणि त्याच्या पाठीमागे, वाऱ्यापासून लपलेलं, खरंच, एक निळंशार पाणी, फार मोठं नाही. झुलियानीनं वळसा घेतला. ओरेस्ते फरशीकडे बघत होता. त्यानं तळवे फरशीला टेकवले. आता. खालून ठोका बसला, मग दुसरा, दगडासारखा, दात आपटले, काचा फवाऱ्यांनी आंधळ्या झाल्या, सगळा खडखडाट उलट्या क्रमानं परत आला, आणि शेजारी इमेल्दा त्याचा दंड रुतेल इतका धरून किंचाळली, "अजून एकदा! नेव्हियो, अजून एकदा!" ओरेस्ते हसत होता, गालांवर पाणी होतं. हे कुणाचं विमान होतं? पाण्याला काय त्याचं! पाणी कुणालाही तसंच ठोकतं, तसंच धरतं.

होडीतून जिला आणलं ती एक म्हातारी निघाली. मांडीचं हाड मोडलेलं, शालीत गुंडाळलेली, पण डोळे टक्क उघडे. तिच्या मुलांनी तिला उचलून दारातून आत दिलं. तिनं बेट सोडून दुसरी जमीन कधी पाहिली नव्हती. झोळीवर पडल्यापडल्या तिनं छत पाहिलं, खिडक्या पाहिल्या, ओरेस्तेचे तेलकट हात पाहिले.

"हे तू बनवलंस?"

हो म्हणणं सोपं होतं. झुलियानीनं ऐकलं नसतं, इमेल्दानं ऐकून सोडून दिलं असतं. म्हातारीला तर बरंच वाटलं असतं.

"नाही, आजी," ओरेस्ते तिचा पट्टा आवळत म्हणाला. "हे दुसऱ्या कुणाचं तरी. माझं अजून व्हायचंय."

तिनं त्याला नीट निरखलं, बाळंतपणं केलेल्या बाईनं एखाद्या पोटुशीला निरखावं तसं. "मग आटप की," ती म्हणाली. "मला परत यायचंय. आणि उतरताना बघितलं मी, हे फार आपटतं."

"किती ठिकाणी आपटलं?" त्यानं झटकन विचारलं, आणि तिच्या तोंडाशी कान नेला. पुढे झुलियानीनं इंजिनं चालू केली, सगळं विमान थरारलं, आणि म्हातारी ओरडून ओरडून त्याला सांगू लागली.